जमीन करणाराचे नाव

खाचरात गुडघ्याच्या वर पाणी आहे, लावणी थांबली. म्हणून आज पिकाचं नाही, कागदाचं लिहितो.

माझ्या आजोबांची थोरली बहीण. सगळे तिला मोठी बाय म्हणायचे. लग्न केलं नाही तिने. का नाही, ते घरात कुणी सांगत नाही. तिच्याबद्दल एकच बोलणं ऐकत आम्ही मोठे झालो, "बायला आपण जन्मभर पोसली."

खाडीकडच्या तुकड्याला गोदामवाले गिऱ्हाईक आलं आणि वाटणीसाठी जुने कागद काढायची वेळ आली. पुतण्या म्हणाला, काका, जुन्या जनगणनेत माणसं सापडतात. सापडतात, पण तिकडे. इंग्लंडात १०० वर्षांनी, अमेरिकेत ७२ वर्षांनी घरोघरचे कागद लोकांना बघायला मिळतात. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने ते बंद आहेत. छापील पुस्तकात गावाचे आकडे तेवढे मिळतात, इतकी घरं, इतके पुरुष, इतक्या बायका. बाय त्या बायकांच्या बेरजेतली एक.

मग तहसीलच्या रेकॉर्डरूममध्ये अर्ज दिला. तीन खेपा झाल्या. जुना हस्तलिखित सातबारा हातात आला, त्यात खाली गाव नमुना बारा, म्हणजे पीकपाहणी. पीक भात. शेवटचा रकाना 'जमीन करणाराचे नाव'. तिथे १९४८ पासून १९५६ पर्यंत, सलग नऊ वर्षं, बायचं नाव.

मी खुर्चीवर बसूनच राहिलो. क्लार्क म्हणाला, काय झालं?

जमीन तेव्हा सावकाराची, आम्ही कूळ. पणजोबा वारले, आजोबा मुंबईत गिरणीत. मग नांगरामागे कोण होतं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कधी पडलाच नाही. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून दरसाल बांध घालावा लागतो, तो काय आपोआप पडत होता?

१ एप्रिल १९५७ ला कृषीदिन झाला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने मालक. पुढे ३२ग खाली किंमत ठरली, हप्ते भरले, ३२म चा दाखला आला आजोबांच्या नावाने. ते वारस होते, हप्ते त्यांच्या पगारातून गेले, त्यांना मी खोटं पाडत नाही. पण मधली नऊ वर्षं जमीन पडीक राहिली असती तर सावकाराने कूळ ठेवलं असतं का? जुने लोक सांगतील, किती जणांची कुळं त्या वर्षांत निघाली.

त्यापुढे बाय कागदात एकदाच भेटते. मृत्यूच्या नोंदीत. कारण, ताप.

मंडळी, कुणाला शोधायचं असेल तर आजचा ऑनलाईन सातबारा बघून थांबू नका. जुनी पीकपाहणी मागा, फेरफार मागा. मोडी असेल तर वाचणारा गाठा. आणि नावांच्या रकान्यात बाई दिसली की पान उलटू नका.

आमच्या दोन बहिणींचं हक्कसोडपत्र टाईप होऊन तयार होतं. नोंदणीची तारीखही ठरलेली. मी ती नक्कल सगळ्यांसमोर ठेवली आणि म्हटलं, आधी हे वाचा. थोरली बहीण बराच वेळ त्या रकान्यावर बोट ठेवून बसली होती. सही झाली नाही. धाकटा भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलत नाही.

पाणी ओसरलं की पहिली लावणी त्याच तुकड्यात आहे. त्याला निरोप दिलाय, ये म्हणून.