गंजाखालचा धातू

जुनी मोटार घरी उघडून बसणाऱ्या माणसाची पहिली समजूत अशी असते की, गंज हा वर साचलेला मळ आहे आणि तो काढला की खालची वस्तू जशीच्या तशी हाती येईल. ही समजूत अर्धीच खरी. गंज बाहेरून आलेला नसतो. ते लोखंडाचेच झालेले रूपांतर असते. म्हणून ‘किती काढायचे’ हा प्रश्न ‘कसे काढायचे’ याच्या आधी पडायला हवा. बहुधा तो नंतर पडतो.

मुंबईत या छंदाचे आलंबन म्हणजे पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातील तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरातील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदतही संपली. तरी एखाद्या इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली वडिलांची गाडी उभी असते, आणि निवृत्त झालेला मुलगा एके दिवशी तिचे भाग सुटे करू लागतो. तारेचा ब्रश, खरकागद, रॉकेल यांत चार दिवस जातात. स्प्रिंगांचे वेढे आणि ओतीव भागांचे कोपरे मात्र तसेच राहतात. मग कोणीतरी सांगते, ‘‘वाळू मारून घ्या.’’

ही युक्ती फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्गमन यांची. त्यांचे पेटंट १८७० चे. वाऱ्याने उडालेली वाळू काच खरवडते, यावरून ती त्यांना सुचली असे सांगतात. घरगुती रूपात तिला लागतात कॉम्प्रेसर, नळी, गन आणि हातमोजे बसवलेली बंद पेटी. गनची हवेची भूक मोठी असते. लहान टाकी पाहता पाहता रिकामी होते आणि गृहस्थाला थांबावे लागते. पावसाळ्यात तर दाबलेल्या हवेतून पाणी सुटते, कण ओले होऊन गनच्या तोंडाशी चिकटून बसतात.

खरा विवेक कणाच्या निवडीत आहे. मराठी स्वयंपाकघराला तो पूर्वापार ठाऊक होता : काळ्या कढईला राख आणि नारळाची शेंडी, पितळेला चिंच, आणि कल्हईच्या भांड्यावर हलका हात. इथेही तेच तारतम्य. ॲल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे आपला कुरुंद, काठिण्य ९. जाड लोखंडाला तो शोभतो, पण तोच जोराने दाराच्या पत्र्यावर मारला तर पत्रा ताणला जाऊन त्याला लाटा येतात. काचेचे मणी खरवडण्यापेक्षा ठोकतात, म्हणून ॲल्युमिनियमवर त्यांची मंद चकाकी उमटते. अक्रोडाच्या कवचाचा भुगा काजळी काढतो. खाण्याचा सोडा सर्वांत मवाळ. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याची १९८० च्या दशकात दुरुस्ती झाली, तेव्हा आतल्या तांब्यावरचे डांबर त्यानेच काढले. गंजापुढे तो दुबळा ठरतो, पण पाण्यात विरघळतो, हा त्याचा मोठा गुण. इंजिनाच्या तेलवाटेत अडकलेला कुरुंदाचा एक कण पुढे बेअरिंग खातो.

ओतीव भागांवर कारखान्याचा ठसा आणि अंक असतात. हात जरा रेंगाळला की त्यांच्या कडा बोथट होतात आणि तो भाग कुठला, केव्हाचा, हे सांगणारा पुरावा पुसला जातो. पोथीच्या संपादकाला ही भीती परिचित आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांना अपपाठ काढायचे होते, ओवी नव्हे. अर्थात, पोथीची दुसरी प्रत निघू शकते. झिजलेल्या ड्रमची निघत नाही.

आणि खुद्द वाळू? बांधकामाच्या ढिगातून ती जवळजवळ फुकट मिळते, म्हणूनच तिचा मोह अधिक. आघाताने तिचा कण फुटतो आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथून ती निघत नाही. सिलिकोसिस बहुधा वर्षांनी दिसतो, पुष्कळदा क्षय समजला जातो, आणि बरा होत नाही. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांनी आणि खंबायतला अकीक घासणाऱ्यांनी तो भोगला आहे. ज्या पेन्सिलीने पिढ्यांनी अक्षरे गिरवली, तिची ही किंमत पाटीवर कधी उमटली नाही. ब्रिटनने ओतीव वस्तू साफ करण्यासाठी वाळू वापरण्यास १९४९ च्या नियमांनी बंदी केली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात हा रोग सूचना देण्याजोग्या रोगांच्या यादीत होता. परंतु तो कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंतचा होता. इमारतीच्या आवारात त्याचा निरीक्षक येत नसे. तिथे गृहस्थाच्या तोंडाला रुमाल बांधलेला असतो, जो ही धूळ अडवत नाही, आणि चार पावलांवर नातवंडे क्रिकेट खेळत असतात. कण बदलला तरी सावधपण सुटत नाही : जुन्या रंगात शिसे असू शकते, ब्रेकच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस. बंद पेटी, योग्य श्वसनमुखवटा, आणि ब्रेकचे भाग हवेच्या झोताखाली नेण्याआधी ओल्यानेच धुणे, एवढे तरी हवेच.

पेटीतून निघालेले लोखंड राखाडी, कोरडे आणि अतिशय असुरक्षित असते. उघड्या बोटाचा ठसाही त्यावर तांबूस उमटतो. मुंबईच्या दमट हवेत ते रात्रभर ठेवले तर सकाळी त्यावर पुन्हा गंजाची झाक दिसते. त्यामुळे रेड ऑक्साइडचा पहिला हात त्याच संध्याकाळी द्यावा लागतो, आणि तो पातळच द्यावा. जाड दिला तर ओतीव अंक पुन्हा बुजतात.