खोपोलीचा राजासॉरस आणि माझी नात

कल्याणहून सकाळची खोपोली लोकल धरली तेव्हा आम्ही सहाजण होतो. मुलगा, सून, मुलगी व तिचा बारा वर्षांचा मुलगा, माझी आठ वर्षांची नात आणि मी. कर्जतला डबा जवळजवळ रिकामा झाला. पुढे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी छोटी छोटी स्टेशने. पाऊस नुकताच सरला होता, डोंगर हिरवेगार होते. खिडकीपायी दोन्ही नातवंडांची भांडणे चाललेली. खोपोलीला उतरून दोन रिक्षा केल्या आणि सांगडेवाडीला इमॅजिकाच्या फाटकाशी पोहोचलो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळचे हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. जाण्याची हौस नातवाची, बेत माझ्या मुलीचा. एकदा तिकीट काढले की आतल्या बहुतेक खेळांना वेगळे पैसे पडत नाहीत. ऐकायला हे बरे वाटते, पण आपल्यासारख्या घरात त्यानेच घोटाळा होतो. सहा माणसांच्या तिकिटात महिन्याचा किराणा सहज भरला असता, हे प्रत्येकाच्या मनात असते. मग मूल एखाद्या खेळाला ‘नको’ म्हणाले की आपल्या डोळ्यांपुढे आधी तिकीट येते, मुलाचा चेहरा नंतर.

पहिला तास मजेत गेला. नायट्रो नावाची तिथली प्रचंड रोलर कोस्टर आहे. पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी लोंबतात आणि माणसे उलटी-सुलटी होतात. तिथे उंचीची अट होती. नात त्यात बसली नाही, नातू बसला. तो आपल्या आईबरोबर गेला आणि दोघे पांढरेफटक चेहरे घेऊन हसत परत आले. नातीला कुणी काही बोलले नाही. वाचक भगिनींनो, याची मला मोठी गंमत वाटली. उंचीच्या पट्टीने नाही म्हटले की कुणालाच राग येत नाही. पोराने स्वतःच्या तोंडाने नाही म्हटले की मात्र घरदार त्याच्यावर तुटून पडते.

ते पुढच्याच खेळाला घडले. त्याचे नाव राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर. होडीत बसायचे, आत डायनासोर दिसतात आणि शेवटी होडी उंचावरून घसरत धाडकन पाण्यात येते. पाऊण तास आम्ही रांगेत उभे होतो. आतून डरकाळी ऐकू आली आणि नात जागीच थांबली.

“मी नाही येणार.”

“भित्री भागूबाई!” नातू ओरडला. रांगेतली दोन-तीन माणसे हसली.

मुलाने तिचा हात धरला. “अगं, काही होत नाही. डोळे मिटून बस माझ्याजवळ.” तिने हात ओढला, त्याने जरा घट्ट धरला. तिचा रडवेला चेहरा पाहिला आणि मला तीस वर्षांपूर्वीची गोराईची खाडी आठवली.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, तेव्हा आमच्या चाळीत त्याचेच बोलणे असे. आम्ही गेलो १९९६ च्या मे महिन्यात, बोरिवलीच्या बाजूने लाँचमधून. आता ते उद्यान बंद आहे. २००९ साली शेजारी विपश्यना पॅगोडा झाला, तेव्हापासून आम्ही त्याच खाडीतून तिकडे गेलो आहोत. तर त्या मे महिन्यात हाच मुलगा सात वर्षांचा होता आणि एका उंच पाळण्यापुढे असाच अडून बसला. ‘यांनी’ त्याला उचलून बसवले. मीही म्हटले, बसवा, भीती मोडेल. पाळणा सुरू झाल्यावर थांबवा म्हणून सांगता येत नाही. खाली उतरला तेव्हा त्याची चड्डी ओली होती. लाँचमध्ये तो आमच्या दोघांपासून लांब, कठड्याशी बसला. दोष त्या पाळण्याचा नव्हता, आम्हा दोघांचा होता. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नव्हते.

मी काही म्हणायच्या आतच त्याने हात सोडला. माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आई, मी अजून जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसत नाही. हिनं माझ्यासारखं होऊ नये, एवढंच वाटलं.”

“तू माझ्यामुळं तसा झालास,” मी म्हटले. रांगेत याहून जास्त बोलण्यासारखे नव्हते.

मग आम्ही विभागणी केली. सून, मुलगी आणि नातू होडीकडे गेले. नातवाची पाऊण तासाची रांग फुकट घालवणे हाही अन्यायच झाला असता. आम्ही तिघे होड्या जिथे खाली येतात, तिथल्या बाकावर बसलो. सगळ्यांचे चष्मे, मोबाईल आणि चपला सांभाळायचे काम नातीकडे दिले. ‘ऐस्क्रीम देते, पण बस’ असला सौदा मी करू दिला नाही. आज ऐस्क्रीमसाठी बसेल, उद्या कशासाठी बसेल कोण जाणे.

मुलगा शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने तिला सांगितले की राजासॉरस हे नाव उद्यानवाल्यांनी बनवलेले नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली गावी त्याची हाडे सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिले. मांस खाणारा, डोक्यावर बुटके शिंग असलेला प्राणी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास तो होता. “म्हणजे आत ओरडतो तो खरा नाही?” “तो भोंगा आहे गं.”

मग तिने विचारले, पोटात गोळा का येतो? तो म्हणाला, होडी झपकन खाली जाते तेव्हा बाक आपल्याला पुरेसा वर ढकलत नाही. अंगाचे वजन क्षणभर हरवल्यासारखे वाटते, आतडीसुद्धा जराशी हलतात. कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला पडल्याची खबर देतो. ती लक्षपूर्वक ऐकत होती आणि होड्या मोजत होती. होडी काठावर आल्यापासून पाण्यात आदळेपर्यंत किती आकडे होतात, याचा तिने हिशेब ठेवला. पाचाच्या वर एकदाही गेला नाही. “एवढंच ओरडतात?” ती म्हणाली.

नातू ओलाचिंब होऊन आला आणि पुन्हा तोंड उघडणार, तोच माझ्या मुलीने त्याला बाजूला नेले. काय सांगितले ठाऊक नाही, पण चिडवणे बंद झाले. दुपारी नात लाकडी घोड्यांवर दोनदा बसली. मोठ्या पडद्यासमोर बसून आकाशातून देश पाहायचा एक खेळ आहे, आय फॉर इंडिया. त्यालाही ती गेली, बापाची बाही धरून. तिच्या बापानेही तिची बाही धरली होती, असे सून म्हणाली.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर तिने स्वतःहून राजासॉरसच्या रांगेत चलण्याचा हट्ट धरला. बापलेक गेले. होडीपर्यंत पोहोचले. तिथल्या मुलाला मुलाने आधीच विचारून ठेवले होते, की ऐनवेळी मागे फिरता येते का. तो म्हणाला, दांडा बंद होण्याआधी सांगा. नातीने होडी पाहिली, दांडा पाहिला, अंधाराकडे पाहिले आणि दोघे बाजूच्या वाटेने परत आले. मला वाटले होते, ती हिरमुसली असेल. ती तर मला होडीत किती ओळी आहेत हे सांगत आली.

परतीच्या लोकलमध्ये नातू माझ्या मांडीवर झोपला. डोलवली गेल्यावर नात बापाला म्हणाली, “पुढच्या वेळी आपण पुढच्या ओळीत नको, मागच्या ओळीत बसू.”

तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. पळसदरी आले तेव्हा म्हणाला, “मागं बसलं की कमी भिजतात का, ते आत्याला विचार.”