पांढरा कान

आमच्या घरी एक मांजर आहे. तिचा एक कान पूर्ण आहे आणि दुसरा अर्धा. घरी कोणीही नवीन माणूस आलं की पहिला प्रश्न त्यावरच असतो. "सुण्यान चाबलें?" किंवा "बोक्याने फाडला की काय?" हल्ली आणखी एक प्रश्न विचारतात, "हिला नसबंदीवाले घेऊन गेले होते का?" भटक्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी केली की खूण म्हणून कानाचा कोपरा कापतात हे आता गावोगाव माहीत झालं आहे. पण आमच्या धवीच्या बाबतीत यातलं काहीच घडलेलं नाही. तिचा कान उन्हाने गेला. उन्हाने, आणि थोडा माझ्यामुळे. तेवढं सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

२०१३ च्या पावसात आमच्या मागच्या खोपीत, लाकडांच्या आड एक मांजर व्याली. तिच्या तीन पिल्लांपैकी हे एकच जगलं. अंग दुधासारखं पांढरं, शेपटीचं टोक काळं आणि डावा कानही काळा, अगदी डोळ्यापर्यंत. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या माईंनी, तिचं नाव ठेवलं धवी. माझा मुलगा तेव्हा लहान होता. तो म्हणाला, "कान काळा असून धवी कशी?" माई म्हणाल्या, "एका कानाक लागून माजर काळें जायना." तेव्हापासून ती धवीच.

माईंचे गुडघे गेली कित्येक वर्षं दुखतात. सकाळचं आटोपलं की त्या बलकांवावर येऊन बसतात, त्या थेट जेवणाच्या वेळेपर्यंत. पोदेर, नुस्तेकान्न, पोस्टमन, सगळ्यांशी त्यांचं बोलणं तिथूनच चालतं. मे महिन्यात अंगणात सोलं वाळत घातलेली असतात, कधी सुंगटं असतात, आणि माई हातात काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवतात. त्या सावलीत आणि धवी उन्हात. सोलांच्या तट्ट्याच्या कडेला पाय पसरून ती तासन् तास पडून असायची. आम्ही म्हणायचो, माईंनी राखणदार ठेवलाय. मांजराला ऊन आवडतं, त्यात काही वावगं आहे असं कोणाच्या मनात येणार?

२०२२ च्या मार्चमध्ये प्रथम लक्षात आलं. पांढऱ्या कानाच्या टोकाची कड गुलाबी झाली होती आणि त्यावर कोंड्यासारखं काहीतरी दिसत होतं. केसही विरळ झाले होते. मला वाटलं, कुठेतरी कुंपणाला खरचटलं असेल. सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना मार्च महिना म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ३१ तारखेच्या आत बिलं पास करायची, संध्याकाळी बस मिळेल की नाही याची शाश्वती नाही. मांजराच्या कानाची कड बघायला कोणाला वेळ होता!

एप्रिलमध्ये तिथे मोहरीएवढी खपली धरली. धवी मागच्या पायाने ती खाजवून काढायची आणि मान झटकायची. मग भिंतीवर रक्ताचे बारीक ठिपके उडायचे. दोन दिवसांनी नवी खपली.

आपल्याकडे आजार एक असला तर औषधं सांगणारे दहा असतात. एका शेजारणीने सांगितलं, फिनेलच्या पाण्याने पुसून काढ. दुसरीने आपल्या कुत्र्यासाठी आणलेली गोचिडांची पावडर कागदात बांधून दिली. आमच्या कचेरीतल्या एकाने खाजेवरचं मलम सुचवलं. यातलं मी काहीच वापरलं नाही, पण ते शहाणपणामुळे नव्हे, आळसामुळे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. फिनेलसारखी जंतुनाशकं मांजराच्या पोटात गेली की विषासारखी असतात, आणि अंगाला लावलेलं सगळं मांजर चाटतंच. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला त्याने झटके येतात, जीवही जातो.

माईंचं औषध मात्र रोज चालू होतं. खोबरेल तेलात चिमूटभर हळद घालून त्या कापसाच्या बोळ्याने धवीच्या कानाला लावायच्या. धवी दुसऱ्या कोणाला कानाला हात लावू देत नव्हती, माईंच्या मांडीवर मात्र डोळे मिटून बसायची. तेल लावून झालं की उतरायची आणि पुन्हा उन्हात जाऊन पडायची.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि कान बरा व्हायला लागला. चतुर्थीपर्यंत खपली गेली, बारीक केसही आले. आम्ही सगळ्यांनी माईंच्या तेलाचं कौतुक केलं. दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि कड पुन्हा लाल झाली. या वेळी माई म्हणाल्या, "गो, हें म्हाका बरें दिसना. दोतोराक दाखय."

मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर म्हटलं, नाताळच्या सुट्टीत नेऊया. मग पुन्हा मार्च आला. आमच्या कचेरीत एखादी फाईल पुढे सरकत नाही तेव्हा तिच्यावर एक शेरा पडतो आणि ती कपाटात जाते. धवीच्या कानावर मी तसाच शेरा मारून ठेवला होता. २०२३ च्या पावसात तो पुन्हा थोडा सुकला, म्हणून माझ्या मनाची समजूत पटली. पण या वेळी पूर्ण भरला नाही. कड आतल्या बाजूला वळली होती आणि टोकाला उंदराने कुरतडल्यासारखी खाच पडली होती.

२०२४ च्या जानेवारीत एका संध्याकाळी घरी आले तर माई बलकांवावर बसलेल्या होत्या आणि त्यांच्या पांढऱ्या लुगड्यावर, मांडीपाशी, बशीएवढा रक्ताचा डाग होता. मला वाटलं माईंनाच काही लागलं. माई काही बोलल्या नाहीत. हातातला कापूस तेवढा दाखवला.

दुसऱ्या दिवशी सीएल टाकली. अर्जात कारण लिहिलं "घरगुती काम". मांजरासाठी रजा घेते हे कळलं असतं तर महिनाभर चेष्टा झाली असती.

जाळीच्या पिंजऱ्यात घालून, वरून जुना टॉवेल टाकून आम्ही तिला फोंड्याला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी आधी दुखरा कान बघितलाच नाही. काळा कान हातात धरला, उलटसुलट करून बघितला आणि मला विचारलं, "या कानाला कधी काही झालं होतं?"

नाही. कधीच नाही. आणि हे माझ्या दोन वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

"खरूज असती तर ती कान बघून थांबली नसती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे समजावून सांगितलं ते इथे लिहिते, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मांजरं आहेत.

मांजराच्या कानावर फोड-खपल्या दिसल्या की कारणं बरीच असू शकतात. मांजरांची खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. तीही कानाच्या कडेपासूनच सुरू होते, पण भराभर डोक्यावर आणि मानेवर पसरते, जाड करड्या खपल्या धरतात, खाज जबरदस्त असते आणि घरातल्या इतर मांजरांना लागते. कातडीचा जरासा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की सहसा कळतं. कानातल्या गोचिडीसारख्या बारीक किड्यांमुळे कानाच्या आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ साठतो. नायटा झाला तर गोल चट्टे पडून केस जातात आणि तो घरातल्या मुलांनाही होतो. मारामारीची जखम एकदाच होते आणि भरते. किंवा पिकते आणि सुजते. यातल्या प्रत्येकाला औषध आहे, पण प्रत्येकाचं वेगळं आहे.

धवीची गोष्ट निराळी होती. कातडीला रंग देणारं द्रव्य पांढऱ्या कानात नसतं, आणि कानावर केसही पातळ. वर्षानुवर्षं ऊन लागलं की त्या कातडीला आतून इजा होत जाते. आधी लाली, मग कोंडा, मग न भरणारी खपली, आणि शेवटी काही मांजरांत कर्करोग. पांढऱ्या मांजरांना तो कानाच्या टोकावर, नाकावर किंवा पापण्यांवर होतो. काळा कान त्याच डोक्यावर होता, त्याच उन्हात पडत होता, आणि तो धडधाकट होता. पावसाळ्यात जखम सुकायची ती ऊन नसल्यामुळे. आम्ही त्याचं श्रेय तेलाला देत होतो.

कानाचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवला. सुमारे दहा दिवसांनी अहवाल आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. कचेरीत बसून मी तो शब्द दोन-तीनदा वाचला. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, घाबरू नका, हा कर्करोग जागच्या जागी खात जातो, दूर पसरायला सहसा वेळ लावतो. कान रोगाच्या पुढपर्यंत कापून काढला तर पुष्कळ मांजरं पुढे चांगली जगतात. ऐकण्यात फरक पडत नाही, कारण ऐकण्याचं यंत्र आत असतं. मी विचारलं, आधी आणली असती तर? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "सुरुवातीला आणली असती तर कदाचित उन्हापासून जपण्यावरच भागलं असतं."

हे घरी सांगायचं होतं. नवरा म्हणाला, जे करायचं ते करूया. माई मात्र गप्प झाल्या. रात्री भांडी आवरताना माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हांवें तेल लायलें म्हणून तर न्हय मगो?"

मी म्हटलं, "ना माई. वतान जालें, तेलान न्हय."

"तर मागीर बरें," असं म्हणून त्या निजायला गेल्या. मी भांडी घासत राहिले. जे सांगितलं ते खरंच होतं, पण अर्धं होतं. माईंना फोंड्याला जाता येत नव्हतं. रिक्षा बोलावणं, पिंजरा उचलणं, डॉक्टर शोधणं यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या हातात खोबरेलाची बाटली होती, म्हणून त्या दोन वर्षं तेल लावत राहिल्या. चालते पाय माझे होते. "दोतोराक दाखय" असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, आणि तरी अपराधी मात्र त्यांनाच वाटत होतं.

फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. धवी घरी आली ती गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घालून. खाजवून टाके तोडू नयेत म्हणून ते घालतात. माई म्हणाल्या, दशावतारातलं सोंग दिसतंय. पहिले दोन दिवस तिने अन्नाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी माईंनी पेडव्याचा काटा काढून बोटाने भरवला तेव्हा खाल्लं. त्या दिवशी रात्री मी माईंच्या खोलीत गेले आणि उरलेलं अर्धंही सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं तेव्हाच नेली असती तर कान राहिला असता, चूक माझी. माई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुका कामां आसतात." मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता आमच्या घरचा नियम असा की सकाळी दहा ते दुपारी चार धवी घरात. तो पाळायचं काम माईंनी स्वतःकडे घेतलं आहे. दहाच्या सुमारास त्या काठी आपटत आत येतात, धवी मागून येते आणि दार लागतं. सोलं वाळत असली तर कावळ्यांकडे बघायला माझा मुलगा असतो. माणसांचं सनस्क्रीन मांजराला लावू नये, त्यातलं झिंक ऑक्साइड किंवा सॅलिसिलेट चाटण्यातून पोटात गेलं तर अपाय होतो. डॉक्टरांनी मांजरांना चालणारं सांगितलं तरच लावायचं. तेव्हा सगळ्यात चांगलं औषध सावली. दर रविवारी मी तिचं नाक, पापण्या आणि अर्ध्या कानाची कड उजेडात धरून बघते.

तुमच्या घरी पांढरं मांजर असेल, किंवा नुसते कान आणि नाक पांढरं असलेलं असेल, तर तुम्हीही बघा. जी जखम भरते आणि पुन्हा येते ती भरलेली नसते. तिला दिवाळीनंतरची तारीख देऊ नका.

धवी आज बारा वर्षांची आहे. खबर चांगली आहे, आतापर्यंत तरी काही परत आलेलं नाही. माई अजून रोज सकाळी कापूस आणि खोबरेलाची वाटी घेऊन बसतात. हळद आता घालत नाहीत. मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं, नुसत्या खोबरेलाच्या बोटाने काही बिघडत नाही, त्या म्हणाल्या. कानाला त्याचा उपयोग काही नाही. पण धवी अजूनही माईंच्या मांडीवर डोळे मिटून बसते, म्हणून मी काही बोलत नाही.