विसण

परवा नातवाला म्हणालो, "पाणी लई कढत आहे, थोडं विसण घे रं." तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. सातवीत आहे पोरगं, पण हा शब्दच त्याच्या कानावर पडलेला नाही. कढत पाणी अंगाला सोसवावं म्हणून त्यात जे गार पाणी ओततात, ते विसण. आमच्या लहानपणी न्हाणीत घंगाळ मांडलं की शेजारी विसणाची कळशी असायचीच. आता भिंतीत मिक्सरची मूठ आली आणि शब्द गेला. पण मिक्सर तरी दुसरं काय करतो? भिंतीच्या पोटात बसून विसणच घालतो. आणि हे विसण बिघडलं की घर कसं हवालदिल होतं, ते मी अनुभवलं आहे.

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माणदेशात. पाण्याची कायम ओढ. १९७२ च्या दुष्काळात दोन तांब्यांत अंगोळ उरकायची आणि तेच पाणी म्हशीच्या आंबोणाला वापरायचं, असे दिवस काढले. तरीही पाणी तापायचं ते बंबात. तांब्याचा बंब, मधून धुराड्याची नळी, खाली जाळी. जाळायला बिट्या, तुराट्या, शेणकुटं. आमच्या बंबाला तोटी नव्हती. वरच्या नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतलं की सोंडेतून तेवढंच कढत पाणी बाहेर पडायचं. मी आईला विचारायचो, गार ओतलं तर गारच का येत नाही? आई म्हणायची, "आरं, गार पाणी जड. ते तळाला बसतं आन् तापल्यालं वर येतं." आई शाळेत गेलेली नाही. पण आज गावातल्या घराघरांवर जे सोलर बसलेत, त्यांचं सगळं शास्त्र ह्या एका वाक्यात आहे. काचेच्या नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली नळीत उतरतं. मोटर नाही, काही नाही.

थोरल्यानं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा दोनशे लिटरचा सोलर बसवला. आईचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढं. गुडघे गेलेले, वाकून बादलीतलं पाणी घेता येईना. म्हणून तिच्या न्हाणीत बसायला कट्टा केला आणि हातात धरायचा शॉवर लावला, बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. आईला तो फार आवडला. "आता मला कुणाचा हात लागत न्हाई," म्हणायची. आमच्या आईचा एक नेम आहे. अंगोळ झाल्याशिवाय देवाला दिवा नाही, आणि दिवा लावल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा नाही. आणि आपली अंगोळ दुसऱ्या कुणी घालायची नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या हिवाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. सून म्हणायची, "मामा, भांड्याला कढत पाणीच येत नाही, नुसतं कोमट." आई म्हणायची, किती वेळ गार पाणीच येतंय, मग एकदम चटका बसतोय. आणि एक दिवस मधे शॉवर पार थांबायचा, नुसती हवा फुसफुसायची. प्लंबर येऊन सोलरमध्ये क्षार साचलाय म्हणून सांगून गेला. दुसरा आला, तो म्हणाला नळ्या बदला.

मग पौषातल्या एका पहाटे आई न्हाणीतून ओरडली. सून धावली. आईच्या खांद्यावर तळहाताएवढा लाल चट्टा उठला होता. "पाणी हाय का इस्तू ह्ये?" एवढंच बोलली. दवाखान्यात मलम मिळालं, चट्टा महिन्यात गेला. पण आईनं न्हाणीत जाणं सोडलं. ओल्या फडक्यानं अंग पुसायची, देवाजवळ जायची नाही. लांब बसून हात जोडायची. अंगोळ नाही म्हणून जेवणावरची वासनाही उडाली. आठ-दहा दिवसांत माणूस निम्मं झालं. पोरगा म्हणाला, "आण्णा, बाई लावू अंगोळ घालायला." मी म्हणालो, थांब. डाळिंबाच्या बागेला तीस वर्षं पाइपलाइननं पाणी देतोय, घरातल्या नळाला ते वेगळं काय असणार?

स्लॅबवर गेलो. शेतात कुठल्या वाफ्याला पाणी फुटतंय ते बघायचं तर आपण एकेक व्हॉल्व्ह बंद करत जातो. तसंच केलं. सोलरमधून खाली जाणाऱ्या कढत पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि सुनेला स्वयंपाकघरातला कढत पाण्याचा नळ सोडायला सांगितला. नळात साचलेलं पाणी पडून धार थांबायला पाहिजे. धार थांबेना. मग हे पाणी येतंय कुठून? एकेक मूठ बंद करत गेलो. आईच्या न्हाणीतल्या मिक्सरची मूठ बंद केली आणि धार थांबली.

चोर सापडला. आई अंगोळ झाली की हातातल्या शॉवरचं बटण सोडायची, पण भिंतीतली मूठ मधोमध तशीच उघडी राहायची. बटण असल्यावर मूठ फिरवायची गरजच कुणाला वाटेल? बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर गार आणि कढत अशा दोन्ही लाइनी मिक्सरच्या पोटात एक झाल्या. गार पाणी कढत पाण्याच्या नळात घुसायचं. स्वयंपाकघरात कोमट येत होतं ते त्यामुळं. आईला सुरुवातीला गार येत होतं तेही काही अंशी त्यामुळं. पंपाच्या तोंडाशी आपण एनआरव्ही बसवतो, पाणी विहिरीत माघारी येऊ नये म्हणून. तसे अर्ध्या इंची दोन एनआरव्ही मिक्सरच्या मागं दोन्ही लाइनींवर बसवले. टाकीचा दाब थोडाच असतो, म्हणून हलक्या झडपेचे बघून आणले.

पण चटका का बसला, ते उरलंच. सुनेला विचारलं, त्या पहाटे घरात कोण कोण उठलं होतं? नातू संडासला गेला होता. फ्लश ओढला की त्याची टाकी भरायला गार पाणी तिकडं ओढलं जातं. गार पाण्याचा नळ सगळ्या घराला एकच. तिकडं पाणी गेलं की इकडं विसण कमी पडतं आणि नुसतं कढत पाणी अंगावर येतं. साठ अंशाचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजून काढतं, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, उठायलाही वेळ लागतो. मी टाकीपासून आईच्या न्हाणीला गार पाण्याची वेगळी लाइन टाकली. दुसरं कुणी त्यावर नाही.

हवा फुसफुसायचं कारण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कढत पाण्याचा नळ स्लॅबच्या कठड्यावरून चढवून पलीकडं उतरवला होता. शेतातली लाइन उंचवट्यावरून गेली की तिथं हवा अडकते आणि पाणी अडतं. लाइट नसली की बोअर बंद, टाकी रिकामी, आणि नळात हवा. कठड्याला भोक पाडून नळ तळातून नेला, सोलरपासून न्हाणीपर्यंत सारखा उतार दिला. आता हवा शिरली तरी माघारी टाकीत जाते आणि हवेच्या उभ्या नळीतून निघून जाते.

प्लंबर म्हणाला तो क्षार खोटा नव्हता. आमच्या बोअरच्या पाण्यानं ड्रिपर बुजतात, शॉवरची भोकं कशी सुटतील? ठिबकला आपण आम्ल सोडतो. शॉवर मी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवला आणि सकाळी जुन्या दातघासणीनं घासला. बंबसुद्धा आई चिंचेनंच घासायची.

आणि सुरुवातीचं गार पाणी म्हणाल तर त्याला इलाज थोडाच आहे. सोलर ते न्हाणी चाळीस फूट नळ, तोही एक इंची. त्यात रात्रीचं सहा लिटर पाणी गार होऊन बसतं. ते आल्याशिवाय कढत येणार कसं? ते बादलीत धरायचं आणि तुळशीला, फरशीला वापरायचं. माणदेशात पाणी मोरीतून सोडायचं नसतं.

ढगाळ दिवसांसाठी सोलरमध्ये विजेची कॉइल आहे, तिचं काम मात्र मी वायरमनकडूनच करून घेतो. अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करू देत नाही. शेजारी गॅसचा गीझर न्हाणीत लावायला निघाले होते, त्यांना हात जोडून बाहेरच्या भिंतीला लावायला सांगितला. बंद न्हाणीत त्याचा विषारी वायू कोंडतो आणि त्याला वास नसतो.

सगळं झाल्यावर मी स्वतः कट्ट्यावर बसून अंगोळ केली, तीन दिवस. सुनेला फ्लश ओढायला लावला, नळ सोडायला लावले. मग आईला सांगितलं, "आधी गार सोडायचं, मग कढत. बंद करताना आधी कढत, मग गार. आणि मूठ भिंतीतच बंद करायची."

आई म्हणाली, "ह्ये काय नवीन सांगतोस? घंगाळात आधी इसणच घालाया शिकिवलं हुतं की तुला."

पण चौथ्या दिवशी तिनं आतून कडी लावली. मी अंगणात उभा होतो. शॉवरचा आवाज सुरू झाला, मधे थांबला, माझा जीव वर आला, पुन्हा सुरू झाला. अर्ध्या तासानं देवघरात काडी ओढल्याचा आवाज आला. सुनेनं चहा टाकला.