बऱ्या माणसाचे औषध

चांगल्या माणसाने औषध कशाला घ्यायचे? हा प्रश्न आमच्या थोरल्या वहिनींचा. क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन २ महिने झाले होते; ताप गेला होता, खोकला थांबला होता, भाकरी अर्धीची दीड झाली होती. "भावोजी, तुम्ही मास्तर ना? मग सांगा. रोग गेला, आता गोळ्या कुणावर चालवायच्या?" डॉक्टरांनी ६ महिने पुरे करायला बजावले होते, पण वहिनींना 'का' हवे होते. मी मॅट्रिक झालेला, कादंबऱ्या लिहिणारा माणूस. तरी उत्तर शोधणे भाग पडले.

गंमत अशी की, पुष्कळशी औषधे जंतूला तो वाढत असतानाच गाठतात. आयसोनियाझिड क्षयाच्या जंतूला आपली भिंत बांधू देत नाही. पण ज्याने बांधकामच बंद ठेवले, त्याचे ते काय बिघडवणार? हा जंतू मुळात संथ. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे २० तास लागतात. त्यातले काही तर वाढ थांबवून निपचित पडून राहतात. ते तगतात ते बळावर नव्हे, झोपेवर. जागे होऊन वाढू लागले, की तेच औषध त्यांना मारते.

अंगावर काटा आणणारी हकीकत उंदरांची. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातला हा प्रयोग १९५६ साली प्रसिद्ध झाला. क्षय झालेल्या उंदरांना १२ आठवडे दोन औषधे दिली. मग शोधू गेले तर एक जंतू सापडेना! औषध थांबवून ३ महिने वाट पाहिली, तो सुमारे एक तृतीयांश उंदरांत जंतू पुन्हा हजर.

वहिनींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे खुरपणीच की! उगवलेलं तण निघतं, बी मातीत राहतंच."

मला इतके नेमके सांगता आले नसते. पुढच्या ४ महिन्यांचे काम तेच. त्यात रिफाम्पिसिन मोठे जागरूक. जंतू घटकाभर जागा झाला तरी त्याला टिपते. लघवी लालसर होते तीही त्याच्यामुळेच, हे कळल्यावर वहिनींची एक जुनी धास्ती गेली.

अजून ५ आठवडे उरले आहेत. घरात चकल्यांचा वास सुटलेला असतो, आणि वहिनी सकाळी उपाशीपोटी गोळ्या गिळताना पुटपुटतात, "ऊठ मेल्या, ऊठ एकदाचा!"