शोकेस

मराठी मध्यमवर्गीय घराच्या बाहेरच्या खोलीत, आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जिथे पडते त्या भिंतीला बसवलेले काचेचे कपाट म्हणजे शोकेस. आतून नऊ-दहा इंच खोल, तीन-चार फळ्या, दोन सरकत्या काचा आणि काच सरकवायला बोट अडकेल एवढी घासून काढलेली खाच. उपयोग काही नाही पण टाकवतही नाहीत, अशा वस्तूंची ही हक्काची जागा. १९६०च्या आसपास जन्मलेल्या ठाणेकराने तिची सगळी रूपे पाहिली आहेत: लहानपणी कोनाडा आणि फळी, लग्नानंतर भिंतभर शोकेस, आणि आता साठी ओलांडल्यावर मनोऱ्यातले असे घर, की जिथे शोकेसला भिंतच नाही.

कोनाडा फुकट मिळत असे, कारण भिंत जाड होती. दगडामातीच्या घराची भिंत दीड-दोन फूट रुंद. तिच्यात दिव्यासाठी देवळी, फणी-कुंकवासाठी कोनाडा, डब्या-बाटल्यांसाठी फडताळ सहज निघे. सिमेंटचे खांब-तुळया आल्या आणि भार त्यांच्यावर गेला. बाहेरची भिंत नऊ इंचांची, आतली साडेचार इंचांची झाली. साडेचार इंचांत कोनाडा कोरायचा कुठून? मग भिंतीच्या आत राहणारी वस्तू भिंतीच्या पुढे आली: आधी लोखंडी ब्रॅकेटवरच्या फळीवर, नंतर लाकडी चौकटीत. शोकेस हा खरे तर उसना घेतलेला कोनाडा. तिला श्रीमंतीची हौस म्हणून हिणवणाऱ्यांनी भिंतीची जाडी कधी मोजलेली नसते.

मांडून ठेवण्याची आवड मात्र शोकेसच्या कितीतरी आधीची. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पाट, डबे, पुस्तके एकावर एक रचून पायऱ्या करायच्या, त्यावर स्वच्छ चादर पसरायची आणि घरातली खेळणी, बाहुल्या, चांदीची भांडी मांडायची. शेजारी कातरलेले कलिंगड, आंब्याची डाळ, पन्हे. गौरी-गणपतीतही तेच. ही आरास सण संपला की उतरत असे. आगरी-कोळी घरांत आणि खेड्यापाड्यांत रोजची सजावट म्हणजे घासून लख्ख केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची मांडणी. हंडे, कळशा, डबे उतरत्या क्रमाने लावलेले, आणि वर देवाच्या तसबिरी. घराची ऐपत आणि घरच्या बाईचा हात दोन्ही त्या रांगेत दिसत. शोकेसने यात एकच बदल केला: आरास बारमाही केली आणि तिला काच लावली.

ठाण्यात ही शोकेस पगारदारांबरोबर आली. कोलशेत हे ठाण्याच्या खाडीकाठचे जुने गाव. त्याच्या रस्त्यावर विसाव्या शतकात रसायनांचे कारखाने आले. १८८६ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला कापडाचे रंग बनवायला निघालेली सँडोज ही त्यांतली ठळक कंपनी. १९९५ मध्ये तिच्यातून रसायनांचा धंदा वेगळा निघून क्लॅरियंट झाला, पण इथल्या पत्त्यांत ‘सँडोज बाग’ टिकून राहिली. कारखान्यांतला, बँकेतला, सरकारी कचेरीतला पगारदार माणूस ठाण्यात आला, कर्ज काढून वन बीएचके घेतला, आणि आधी गोदरेजचे कपाट, मग शोकेस असा क्रम लावला. कपाट तयार मिळे. शोकेससाठी सुतार घरी येई. महिनाभर हॉलमध्ये भुसा, रंध्याचा आवाज आणि फेव्हिकॉलचा वास. घरच्यांनी स्वयंपाकघरात जेवायचे आणि सुताराला दोन वेळा चहा करायचा. एकोणीस मिलिमीटरचा प्लाय चौकटीला, सहाचा पाठीला, वर सागवानी रंगाचा सनमायका. मापे सुताराच्या डोक्यात, नक्षी शेजारच्या घरची. ‘जोशींकडे आहे तशीच, फक्त वर कमान’ एवढ्या सूचनेवर काम चाले.

आत काय ठेवायचे, याचा सल्ला कोणी देत नसे. वस्तू आपोआप येत. एलटीसीवर, म्हणजे नोकरीतल्या प्रवास सवलतीवर, जाणारी कुटुंबे देशाच्या ज्या टोकाला जात, तिथून एकेक नग आणत. आग्र्याहून आत बल्ब पेटणारा ताजमहाल, कन्याकुमारीहून शिंपल्यांची पेटी, काश्मीरहून कागदाच्या लगद्याचा डबा, तंजावरची मान डोलावणारी बाहुली, आंध्रातल्या कोंडापल्लीची लाकडी माणसे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे तर बहुतेक घरांत असतच: केळे, सीताफळ, मिरची, वांगे, आणि पाहुण्यांच्या लहान मुलाने हमखास चावून पाहिलेला आंबा. त्यांच्या जोडीला मुलांच्या ट्रॉफ्या, शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा, निवृत्तीच्या समारंभात मिळालेले घड्याळ, आणि लग्नात आहेर आलेला, एकदाही चहा न पाहिलेला कपबशांचा सेट. टीव्हीवर क्रोशाचा रुमाल असायचाच. यातली एकही वस्तू रंगसंगती पाहून घेतलेली नसे. तरी दोन घरांच्या शोकेस एकसारख्या नसत. कोण कुठे फिरले, कोणाचा मुलगा कशात पहिला आला, कोणाची बहीण परदेशात आहे, हे काचेतून कळे. घराची शैली म्हणतात ती एवढीच होती आणि ती पुरत असे.

टीव्हीने शोकेसला मोठे केले आणि टीव्हीनेच संपवले. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. पेटीसारख्या टीव्हीला मागे दीड-दोन फूट जागा लागे. ती देण्यासाठी शोकेसचा मधला भाग फुगला, आजूबाजूला कप्पे वाढले, खाली व्हीसीआरचा खण आला. हेच ते ‘वॉल युनिट’. पुढे टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला. युनिटचे पोट रिकामे झाले, आणि एवढे लाकूड हॉलमध्ये कशाला, हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला.

तोवर सल्ला देणारेही वाढले होते. गृहशोभिकेसारखी मासिके, लोकसत्तेची शनिवारची ‘वास्तुरंग’ पुरवणी, वास्तुशास्त्रवाले, इंटिरियरवाले. २०२०च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया उघडले आणि कोलशेतहून रविवारची एक नवी सहल सुरू झाली. आजचा सल्ला बहुतेक एकच: वस्तू कमी करा, रंग फिका ठेवा, भिंत मोकळी सोडा. कधी काळी रंग बनवणाऱ्या कोलशेतच्या रस्त्यावरच्या नव्या घरांत हल्ली राखाडी आणि बदामी यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. एखाद्या भिंतीवर वारली चित्र असते, तेही छापील. मूळ वारली चौक लग्नाच्या वेळी सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहायचा असतो. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र सोफ्याच्या मापाचे वारली चित्र ही त्यानंतरची, बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटची देणगी आहे.

नव्या मनोऱ्यांत एक अडचण आणखी आहे, आणि ती आवडीनिवडीची नाही. अनेक इमारतींत विटा नसतातच. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंत आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटने ओततात. बांधकामवाले या पद्धतीला मायवान म्हणतात. या भिंती भार घेतात, म्हणून त्या फोडायला मनाई असते, आणि साधा खिळा ठोकला तर वाकून परत येतो. हॅमर ड्रिल आणावे लागते, मग शेजारी तक्रार करतात. कोनाडा गेला होताच, आता खुंटीही गेली. जुन्या घरातून आलेला ताजमहाल आणि लाकडी फळे बॉक्स बेडच्या पोटात जातात आणि गणपतीच्या मखराभोवती मांडायला दहा दिवस बाहेर येतात. म्हणजे आरास पुन्हा सणापुरती झाली.

शोकेस पूर्ण मेली असे मात्र नाही. जेवणाच्या टेबलाशेजारी ‘क्रॉकरी युनिट’ या नव्या नावाने ती परत आली आहे, आणि ती करून घेताना जुन्या शोकेसचे अनुभव कामी येतात. बारा इंचांपेक्षा खोल करू नये. मागच्या रांगेतल्या वस्तू कोणाला दिसत नाहीत आणि पुसल्या तर मुळीच जात नाहीत. पाठीला आरसा लावला की वस्तू दुप्पट दिसतात, धूळही दुप्पट दिसते. त्यापेक्षा गडद रंगाची पाठ बरी, तिच्यावर संगमरवर आणि पितळ दोन्ही उठून दिसतात. दिव्याची पट्टी वरच्या फळीच्या पुढच्या कडेला लावावी, मागे लावली तर वस्तूंच्या नुसत्या सावल्या उरतात. लाखेच्या रंगाची खेळणी दिव्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवावीत. फळ्या ठोकून पक्क्या न करता बाजूला भोके पाडून खुंट्यांवर टेकवाव्यात, म्हणजे त्या वरखाली करता येतात. आणि सुताराला माप देण्याआधी घरातली सर्वांत उंच ट्रॉफी हुडकून तिची उंची मोजावी.