मखरातून निघालेली २२ विमानं

बडोद्यात हिवाळा लागला की सगळ्यांची नजर वर जाते. १४ जानेवारीच्या उत्तरायणाला अजून महिना असतो, पण गच्च्यांवर पतंग दिसायला लागतात आणि रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणाऱ्यांची मोठाली चाकं फिरू लागतात. अशाच एका डिसेंबरच्या रविवारी आम्ही आपल्या मंडळात मुलांसाठी विमानं बनवायचा दिवस ठेवला.

खरं सांगायचं तर यामागे माझा स्वार्थ होता. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गणपतीत आरतीला येतो, एरवी मंडळाचं नाव काढलं की म्हणतो, "तिथे सगळे आजोबाच असतात." घरी मी मराठीत विचारतो, तो गुजरातीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. पण हरणीच्या विमानतळाकडे जाणारं विमान ऐकू आलं की जेवणाच्या ताटावरून उठून गच्चीत पळतो. म्हटलं, याच धाग्याने त्याला ओढून बघू.

सामानाचा प्रश्न माळ्यावर सुटला. जुन्या मखरांच्या उरलेल्या थर्माकोलच्या पाट्या वर्षानुवर्षं तिथे धूळ खात पडल्या होत्या. त्या ज्यांनी कापल्या होत्या, त्या आमच्या ज्येष्ठ काकांना विचारायला मी जरा घाबरतच गेलो. एकेका मखरासाठी त्यांनी रात्री जागवल्या होत्या. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंखांना पाव इंचीच घ्या. जाड पाटी जड होते." काका कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते आणि तिथे विमानांचे नमुने बनवायचे, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. त्या दिवसाचे मास्तर तिथेच ठरले.

रविवारी सकाळी आठला दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये ७ ते १४ वयाची २२ मुलं जमली. सुरुवातीला काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोद्याचं नाव होतं आणि ती स्क्वाड्रन स्पिटफायर विमानं उडवायची. आणि आज आपल्याच गावात हवाई दलासाठी सी-२९५ ही मालवाहू विमानं बनवायचा कारखाना उभा आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याचं उद्घाटन झालं. एकूण ५६ विमानांपैकी ४० इथे तयार व्हायची आहेत. एका मुलीने विचारलं, "त्याचे पंख केवढे?" काका म्हणाले, "या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास २६ मीटर." मुलांनी लगेच पावलांनी हॉल मोजला. विमान हॉलमध्ये मावत नव्हतं.

आमचे पंख मात्र एक फुटाचे. पंख मधोमध कापायचा, दोन्ही टोकं इंचभर वर येतील असा पुन्हा जोडायचा, म्हणजे विमान एका अंगावर कलंडत नाही. शरीराला पतंगाच्या बांबूची कामटी, शेपटीला जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, नाकाला शाडूच्या ओल्या मातीचा छोटा गोळा. पंख कामटीला रबरबँडने बांधायचा, म्हणजे पुढेमागे सरकवता येतो.

इथे माझी पहिली चूक झाली. वेळ वाचावा म्हणून मी झटपट चिकटणारा गोंद आणला होता. पहिल्याच पंखावर थेंब पडला आणि थर्माकोल विरघळून भोक पडलं! मग धावत जाऊन साधा पांढरा गोंद आणला. तो वाळायला वेळ लागतो, म्हणून कांदेपोहे आणि जेवण मध्ये घेतलं. तेच बरं झालं, कारण दुपारचा वारा असल्या हलक्या विमानांना झेपत नाही. उत्तरायणाला वारा सुटावा म्हणून देवाला साकडं घालणारे आम्ही बडोदेकर त्या दिवशी वारा पडायची वाट बघत होतो.

साडेचारला वरात निघाली. खंडेराव मार्केट, राजमहाल रोड, कीर्तिस्तंभ आणि पोलो ग्राउंड. प्रत्येकाने आपलं विमान दोन हातांत तान्ह्या बाळासारखं धरलेलं. ग्राउंडवर रविवारचं क्रिकेट जोरात होतं. एक कोपरा मागून घेतला. फेकण्याआधी काकांनी सगळ्यांना विमान दोन बोटांवर तोलायला लावलं. बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर, विमान आडवं राहिलं पाहिजे. "पतंगाचा किन्ना बांधता ना, तसंच हे. तोल चुकला की सगळं चुकलं."

माझ्या मुलाचं विमान नाक वर करून क्षणभर थांबलं आणि धपकन पडलं. दुसऱ्यांदाही तेच. त्याचे डोळे भरून आले. मी पुढे झालो, माती वाढवली, पंख मागे सरकवला आणि स्वतःच फेकलं. विमान सुरेख तरंगत गेलं. टाळ्या पडल्या. मुलगा हलला नाही. "ते तू उडवलंस," एवढंच म्हणाला.

मला काय बोलावं सुचेना. काका आले, विमान उचललं, माती काढून टाकली, पंख होता तिथे परत नेला आणि ते त्याच्या हातात दिलं. "नाक वर जातंय म्हणजे शेपूट जड. आता तू सांग, काय करायचं?" मला त्यांनी डोळ्यांनीच मागे व्हायला सांगितलं. दोघं गवतात बसले. पंख थोडा सरकवायचा, फेकायचं, पावलं मोजायची. पाच. नऊ. मग एकदम नाकावर आपटलं, माती जास्त झाली होती. पुन्हा काढली. अंधार पडता पडता तो ओरडला, "सतरा!" माझं फेकलेलं विमान याहून कितीतरी लांब गेलं होतं. त्याची आठवण कोणालाच नव्हती.

तोवर क्रिकेटवाली मुलं बॅट टाकून आली होती. "अंकल, अमने पण आपो!" काकांच्या पिशवीत जादा पंख होते, ते त्यांना मिळाले.

इंदूर, बेळगाव, हैदराबादेत कोणाला असा दिवस करायचा असेल तर थोडं सांगतो. पाच मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, कटर मोठ्यांच्याच हातात असू द्या, पंख आणि रबरबँड दीडपट न्या. आणि आईवडिलांना मैदानाच्या कडेला बसवा. हा शेवटचा नियम मी मोडला होता, म्हणून जास्त कळकळीने सांगतोय.

मुलगा पावलं मराठीत मोजत होता, हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. काका मोजत होते, तो त्यांच्यामागून. गुरुवारी जेवताना त्याने विचारलं, "बाबा, काका रविवारी मंडळात असतात का?"

असतात, म्हटलं. ते विमान सध्या आमच्या फ्रिजवर आहे. एक पंख तुटलाय. जोडायला मी हात लावलेला नाही.